हिरव्या काठाची पट्टी

आधीच सांगून टाकते, माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. आमचं कापडाचं दुकान. उतारे करणारे, गंडे बांधणारे सगळे काळं नि लाल कापड माझ्याच काउंटरवरून न्यायचे. वीतभर काळं कापड देताना मी तोंड गंभीर करून विचारायचे, "काऊन बाबा, कोणाले लागलं?" आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की हसत सुटायचे. तुमच्या मासिकातलं हे पान मी दर महिन्याला वाचते, पण निम्मे अनुभव मला थापा वाटतात. तेव्हा तुम्हाला माझी थाप वाटली तरी मी रागावणार नाही.

वर्धा जिल्ह्यातलं समुद्रपूर. बसस्टँडकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताचं चौथं दुकान आमचं. धोतरं, लुगडी, शाळेच्या चड्ड्यांचं खाकी, जाडाभरडा पांढरा मंजरपाट. आमचे हे कापड फाडायचे आणि मी घड्या घालायचे. यांची एक खोड होती. पुडकं बांधायला यांनी जन्मात कधी सुतळी आणली नाही. थानाच्या, म्हणजे ताग्याच्या, काठाची बोटभर रुंद पट्टी फाडायची, तिनेच पुडकं बांधायचं, वर एक बोट जाईल एवढा फासा ठेवायचा — गिऱ्हाइकाला सायकलच्या हँडलला अडकवता यावा म्हणून — आणि उरलेलं टोक आत खोचून द्यायचं. बसमध्ये कोणाच्या मांडीवर तसं पुडकं दिसलं की माणूस आमच्या दुकानातून आला हे कोणीही सांगायचं. मी कितीदा प्रयत्न केला, मला ती गाठ कधीच आली नाही. माझी सुटायची.

मला समुद्र बघायचा होता. लग्नाआधीपासून. हे दरवर्षी म्हणायचे, "यंदाचा कापूस निघाला का चार दिवस दुकान बंद ठिवू. तुले समुद्र दाखवतो." कापूस निघायचा, मग लग्नसराई यायची, मग शाळा सुरू व्हायच्या. मी फारच मागे लागले की हे हसायचे, "समुद्रपुरात राहून समुद्र पाहाले जाते का कोणी?" लग्नाच्या तिसाव्या वर्षी तो विनोद ऐकून मला हसू येत नव्हतं. शेवटी शेवटी तर मला वाटायला लागलं होतं की यांना माझ्याबरोबर कुठे जायचंच नाही. तसं मी एकदा तोंडावर बोललेही. हे कापड मापायचा गज पुसत राहिले.

१९९९ साली ऐन हंगामात, भर दुपारी, हे काउंटरवरच गेले. हातात गज होता.

गावात कोणी गेलं की त्याचं शेवटचं कापड आमच्याच दुकानातून जायचं. त्या दिवशी दुकान उघडायला माझ्याशिवाय होतं कोण? हिरवा दोरा घातलेल्या काठाचं मंजरपाटाचं थान मीच खाली काढलं, मीच मापलं, मीच फाडलं. सवयीने चार बोटं जास्तच फाडलं. मग ते थान सगळ्यात वरच्या फळीवर टाकून दिलं. त्यानंतर मंजरपाट मागायला कोणी आलं की संपला म्हणून सांगायचे.

चार वर्षं तसंच चाललं. लोक रेडिमेड घ्यायला लागले, दुपारच्या दुपार दुकानात माशी यायची नाही. मी आणि पंखा. लेक माया अलिबागला होती, जावयांची सरकारी नोकरी तिकडे. शेजारचा हार्डवेअरवाला दुकान मालासकट घ्यायला तयार होता. २००३ च्या फेब्रुवारीत मायाने मला बोलावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी विषय काढला.

"आई, तू इथंच राह्यजो आता. तिथं एकटी बसून काय करून राह्यली तू?"

"दुकान कोण पाह्यन?"

"दुकानात आता पाह्यले काय आहे? शनिवारी हे त्या हार्डवेअरवाल्याले फोन करणार आहेत. तुझं एकदाचं हो का नाई ते सांग."

तिचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळी सांगते.

शनिवारी आम्ही मायलेकी दिवसभर भटकणार होतो. सकाळी तिच्या लहान्याला ताप भरला. ती म्हणाली, "तू जा आई, घरात बसून काय करशीन? रस्ता सरळ आहे, सहा सीटर रिक्षा मिळते, चुकाले काही नाई." म्हणून मी एकटीच निघाले.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, मध्ये गार सावली, आणि मधूनच वाडी फाटते आणि समुद्र दिसतो. नागावपर्यंत बसून गेले, पुढे पायी. घाई कशाचीच नव्हती. ओसरीवर मांडलेली दुकानं, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या, पापड, कोकम, वाल, शिंपल्यांच्या माळा. दुकानदाराच्या बायकोला खरेदी करता येत नाही हो. मी आपली माल कसा मांडलाय तेच बघत होते. एका बाईने चांगले वाल मागे ठेवून किडके पुढे ठेवले होते, तिला मी तिथल्या तिथे हलवायला लावले. ती हसून म्हणाली, "मावशी, तुमचं पण दुकान हाय वाटतं?" मी हो म्हटलं. 'आहे' म्हणावं की 'होतं' ते कळेना.

कांद्याची एक छोटी वेणी घेतली, कोकम घेतलं, वाल घेतले. पुढे एका म्हाताऱ्याकडे भाजलेली सुपारी होती. वास घेतला, एक खांड दाताखाली धरून पाहिलं, पावशेर बांधायला सांगितली. दहा पावलं पुढे गेले आणि पाय थांबले. सुपारी हे खायचे. मी खात नाही. माझ्या घरात सुपारी खाणारं आता कोणी नाही.

परत करायला लाज वाटली. तशीच पिशवीत टाकली.

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवले. मालकीण साधारण माझ्याच वयाची. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. चव चांगली, पण तिखट म्हणाल तर आमच्याकडे तान्ह्या पोराला चालेल इतकंच. आजूबाजूला पुण्या-मुंबईची जोडपी होती. एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होती. मी मान खाली घालून जेवले आणि मागच्या वाडीतून समुद्रावर गेले.

आता माझा मूर्खपणा ऐका. पाणी खूप लांब गेलेलं होतं. मला वाटलं, समुद्र एवढाच असतो. एका काळ्या कोरड्या खडकावर पिशवी ठेवली, चपला ठेवल्या आणि ओल्या वाळूतून चालत पार पुढे गेले. तिथे वाळूचा एक उंचवटा होता, त्यावर समुद्राकडे तोंड करून बसले. आमच्याकडची नदी पाऊस पडला तरच वाढते. आभाळात ढग नसताना पाणी आपणहून वाढतं, हे मला सत्तावन्न वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. किनाऱ्यावर माणूस तर नव्हतंच.

किती वेळ बसले कोण जाणे. मी यांच्याशी भांडत होते, मनातल्या मनात. म्हटलं, शेवटी एकटीनेच पाहिला तुमचा समुद्र. आता दुकान विकून टाकते... तुम्हाला काय त्याचं. आणि रडू आलं. चार वर्षांत आलं नव्हतं तसं.

तेवढ्यात मागे कापड फाटलं.

टर्रर्र — एका दमात, सरळ, या काठापासून त्या काठापर्यंत. माझं आयुष्य त्या आवाजात गेलंय. पॉपलीन बारीक किंचाळतं, खाकी अडखळत फाटते, मंजरपाट खर्जात फाटतो. तो मंजरपाट होता. मी झटकन मागे वळले.

मागे कोणी नव्हतं. पाणी होतं. मी ज्या वाळूवरून चालत आले होते ती वाळूच दिसत नव्हती. उंचवट्याला पाण्याने मागून वेढा घातला होता आणि खडकाचं नुसतं टोक वर राहिलं होतं. लुगडं वर खोचून उतरले. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत, मधे एकदा कमरेला लागलं आणि पायाखालची वाळू सरकली. पोहायला मला येत नाही. आणखी थोडा वेळ तशीच बसले असते तर आज हे लिहायला नसते. काठावर आले आणि तिथेच बसकण मारली. पिशवी, चपला, सगळं गेलं होतं.

तशीच ओली, अनवाणी खानावळीत आले. मालकीण धावत आली.

"अगो बाई... मावशी, काय केलंत हे? भरतीची वेळ नाय का विचारायची?"

"मले काय मायीत ते भरती?"

तिने पंचा दिला, चहा दिला आणि ओट्यावरच्या बाकड्याकडे बोट केलं. "तुमचं सामान तिकडे आहे बघा. तुम्हीच ठेवून गेलात ना?"

बाकड्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. कोरडं. बोटभर रुंदीच्या पांढऱ्या पट्टीने बांधलेलं, पट्टीच्या एका अंगाला हिरवा दोरा. वर एक बोट जाईल एवढा फासा. टोक आत खोचलेलं.

मी कितीतरी वेळ हात लावला नाही. मग विचारलं, कोणी ठेवलं? ती म्हणाली, बघितलं नाही, भांडी घासून बाहेर आले तर होतं. तिच्या नवऱ्याने पाहिलं नव्हतं, वाडीतल्या गड्यानेही नाही. कोणीतरी भला माणूस खडकावरून उचलून घेऊन आला असेल, असं तीच म्हणाली. असेल. मग पिशवी कुठे गेली? चपला का नाही आणल्या? आणि ती गाठ?

फाशात बोट घातलं आणि पुडकं उचललं. रिक्षात सोडून पाहिलं. कांदे होते, कोकम होतं, वाल होते. सुपारी तेवढी नव्हती.

संध्याकाळी जावयांनी फोनची वही काढली तेव्हा मी सांगितलं, दुकान विकायचं नाही. माया चिडली.

"आई, तिथं कोण आहे तुझं?"

मी तिला ती पट्टी दाखवली. तिने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, असा कपडा कुठंही मिळतो. तेही खरंच आहे. हिरव्या दोऱ्याचा मंजरपाट काही एकट्या आमच्याच दुकानात येत नव्हता.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. दुकान मी अजून उघडते. दिवसाला चार गिऱ्हाइकं आली तरी खूप. पट्टी गल्ल्यात ठेवलेली आहे. ज्याला ज्याला हे सांगितलं तो एकच गोष्ट विचारतो — काकू, ते थान तर वरच्या फळीवर आहे ना? काढून पाहा. काठाची पट्टी निघालेली असेल तर दिसेलच. फाटलेल्या कडेला कड लावली की दोन मिनिटांत निकाल.

मला कळतं ते. कापडातलं मला नाही कळणार तर कोणाला? स्टूल काउंटरखालीच असतं आणि त्यावर चढलं की हात पोचतो. दोनदा चढलेही होते... आणि थानाला हात न लावता उतरले. काय झालं असेल याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि जिथे मिळेल तिथे मी जात नाही. कड जुळली तर ठीकच आहे. नाही जुळली, तर त्या दिवशी समुद्रावर मी एकटीच होते.