भर दुपारचा दिवा

अक्काच्या हातांत सोन्याचं वळंसुद्धा नव्हतं. दोन काचेच्या बांगड्या, बस्स. माझे हात सोन्याने भरलेले. तरी कुंभकोणम्‌च्या कुठल्याही लग्नात पहिलं हळदीकुंकू तिला मिळायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

अक्काचं नि आमचं दुकान शेजारीशेजारी. दोन्हींकडे दारासुरम्‌च्या विणकरांचं रेशीम उधारीवर यायचं. विलायती कापडाने बाजार बसला आणि एकाच वर्षी दोघंही बुडाले. आमच्या यजमानांनी वकील गाठला, दागिने माझ्या नावावर दाखवले आणि इंग्रजी कोर्टातून नादारीचा पिवळा कागद आणला. विणकरांच्या हाती तेवढाच पडला. अक्काच्या यजमानांनी, आमच्या अण्णांनी, पूर्वजांची रीत धरली. भर दुपारी दुकान सताड उघडलं, गादी उलटी केली, समई लावली आणि बाहेर येऊन बसले. ज्याने त्याने यावं आणि आपलं न्यावं. अक्काने हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवून समईशेजारी ठेवल्या. कुणी मागितल्या नव्हत्या.

‘दिवाळे’ हा शब्द म्हणे त्या दिव्यावरूनच आला. कुणी कुणाला दिवाळखोर म्हणून हिणवलं की अक्का हटकायची, “ती शिवी नव्हे हो! दिवा लावला त्याचं दिवाळं. लपला त्यास दुसरं नांव पाहा.” हे ती माझ्यासमोरही बोलायची. मनात काही नसायचं तिच्या, म्हणून जास्तच झोंबायचं.

पुढे विणकरांनी अण्णांना नुसत्या शब्दावर पुन्हा रेशीम दिलं. आम्ही रोख मोजूनही ते खळखळ करत. अक्का कावेरीच्या घाटावर हमरस्त्याने जायची, मी मागच्या बोळातून. एकदा न राहवून विचारलं, “अक्का, बांगड्या आठवत नाहीत?”

“आठवतात की. सणाला फार आठवतात,” ती हसली. “पण परत नक्को.”

नाही म्हणाली असती, तर तिला खोटारडी तरी ठरवता आलं असतं! तेवढंही सुख तिने मला दिलं नाही. आणि असल्या बाईवर माझा जीवही होता, हे आणखी एक दुखणं.

ती गेली तीही सवाष्ण, भर दुपारी. उशाशी दिवा लावला होता. दारासुरम्‌हून विणकरांच्या बायका आल्या आणि मागावरून नुकती उतरवलेली रेशमी साडी त्यांनी तिच्यावर पांघरली. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी केला. त्या दिव्यापाशी ठेवावी म्हणून हातातली एक बांगडी ओढू लागले. इतक्या वर्षांत हात भरला होता, ती निघेना.