पाइपाचं शेवटचं घर

बारामतीत आम्ही घर बांधलं, तेव्हा नव्या कॉलनीत सावली म्हणून नव्हती. नव्वदीची सुरुवात असेल. उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नसे. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, प्रत्येकाच्या दारात एक कडुनिंब लावायचा आणि सामाईक बोअरचा पाइप पाळीपाळीनं फिरवायचा.

पाळ्या लावल्या कोऱ्हाळे गावच्या आबांनी. ते काय आणि बाकीचे काय, बहुतेक सगळे उसाचे बागायतदार, पोरांच्या शाळेसाठी शहरात आलेले. आमचं घर शेवटचं, आणि बौद्धांचं तेवढं एकच. पाइप अलीकडच्या घरापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी जायचा.

"पाइप पुरत न्हाय," आबा म्हणाले. वडील मास्तर, भिडस्त. "असू दे," म्हणाले. मला असला राग आला की विचारू नका. दोन हात तुकडा जोडला असता तर यांचं काय जाणार होतं?

आई इंदापूरकडच्या कोरडवाहू गावातली. तिला स्वतःच्या दारात झाड हवंच होतं. माहेरी सावली होती ती दुसऱ्यांच्या दारात, आणि तिथं तिला बसू देत नसत. भांडी विसळलेलं पाणी ती रोपाला घालायची, तेही बोटानं माती उकरून, वाळली असेल तरच. मी म्हणायचो, अशानं मरेल ते.

"मरू दे. पर मागाय जायचं न्हाय."

बाकीच्या दारांत उसाला द्यावं तसं पाणी. आळी तुडुंब, काळ्या मातीत ते मुरायचं नाही. पानं पिवळी पडली की म्हणायचे, पाणी कमी पडतंय, आणि आणखी सोडायचे. जित्याची खोड, दुसरं काय. एकेक रोप मुळाशी कुजून आडवं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमचं तेवढं तगलं. एका सकाळी आबा फाटकाशी येऊन उभे राहिले.

"बाई, काय घातलं ह्याला तुमी?"

"काय न्हाय, आबा. पाइप पुरला न्हाय."

आबांनी वाकून आळ्यातली कोरडी माती बोटानं उकरून पाहिली. मग गेले.

पुढच्या साली नवी रोपं आली, तेव्हा पाळ्या लावायला ते आईकडं आले. तिनं आठ दिवसांतून एकदा पाणी ठरवलं आणि पहिलं घर आमचं धरलं. पाइपाला जोड आबांनीच आणला. आमच्या झाडाला पाण्याची गरजच नव्हती. पाइप दारात आला की आई त्याखाली नुसते हात धुवायची आणि म्हणायची, "न्या आता फुडं."