साइडबारचं घड्याळ
कुणाच्या कॉम्प्युटरवर कडेला गोल घड्याळ दिसलं की मला नळदुर्गचं हायवेवरचं झेरॉक्सचं दुकान आठवतं, डिझेलच्या वासासकट. आठवीतून शाळा सोडून मी मुरुम गावाहून तिथं नुकताच कामाला लागलो होतो. दुकानाच्या मालकीण ताई बाहेर निघताना म्हणाल्या, "साइडबारला घड्याळ लावून ठेव." आमच्या साइडला बारच होता. ह्यांचं घड्याळ तिथं कशाला, काही कळेना. पण विचारायचं धाडस झालं नाही. भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि हातोडी घेऊन शेजारी गेलो. बारवाले मामा बघतच राहिले. "आरं, हितं लोक टाइम इसरायला येत्यात, आन् तू घड्याळ लावतूस व्हय?" तेवढ्यात ताई परत आल्या. आता काम गेलं म्हणून मी दुकानात जाऊन माझी पिशवी उचलली. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला आणि स्क्रीनच्या कडेची, घड्याळ-हवामान दाखवायची पट्टी दाखवली. "ह्याला साइडबार म्हणतात. ओढ घड्याळ इकडं." मी ओढलं. "बास. हवामानाचं उद्या लाव." पट्टी, घड्याळ, हवामान, काहीच नीट उमगलं नव्हतं, उद्या यायचंय, एवढं मात्र कळलं. आज घरापासून लांब, पुण्यात, नवं काम पुढ्यात आलं की मी आधी स्क्रीनवरचं घड्याळ कडेला ओढून घेतो.