पेटी बाळकाकांची, आंबे भलतेच

"पेटी माझी आहे. आतले आंबे माझे नव्हेत. हा कर्नाटकचा माल माझ्या पेटीत आला कुठून, एवढंच सांग."

फोन स्पीकरवर होता. बोलत होते बाळकाका, राजापूरकडचे आंबा बागायतदार. ऐकत होती शुभांगी, वाशीच्या एपीएमसी मार्केटातली आडतदार. तिच्या शेजारी स्टुलावर मी घामाघूम, कारण ते आंबे पेटीत मीच ठेवले होते.

माझा धंदा पर्सनल ब्रँडिंगचा. म्हणजे एखाद्याचं नाव घेतलं की लोकांना काय आठवावं ते ठरवायचं, आणि व्हिडिओ, पोस्ट, फोटो यांतून ते पोचवायचं. खारघरच्या फ्लॅटमधली एक बेडरूम हे माझं ऑफिस. कॅमेराही मीच चालवते. क्लायंट बहुतेक डॉक्टर नाहीतर बिल्डर. आंब्याचा गाळा पहिलाच.

आडतदार शेतकऱ्याचा माल विकून देतो. कोकणातला बागायतदार काही रोज वाशीला येत नाही. तो पेट्या पाठवतो त्या माणसाच्या भरवशावर. शुभांगीच्या घरचे मूळचे साताऱ्याकडचे. गाळा तिच्या वडिलांचा, अण्णांचा. गुडघे गेले तसे अण्णा घरी बसले आणि ही गाळ्यावर आली.

"माल अजून अण्णांच्या नावानं येतो, मॅडम," पहिल्या मीटिंगला ती म्हणाली. "मी नुसती त्यांची पोरगी. यंदा माझ्या नावानं आला नाही तर दादा गाळा दुसऱ्याला चालवायला देणार. तसं स्पष्ट सांगितलंय त्यानं."

मी माझं नेहमीचं लेक्चर दिलं. ऑथेंटिक राहा, जशा आहात तशाच दिसा. आणि दोन दिवसांनी शूटला जाऊन नेमकं उलटं केलं.

हापूस पेटीत हिरवा येतो आणि पेंढ्यात पिकतो. मला हवे होते पिवळेधमक. बाळकाकांच्या पेटीवरचा लाल मार्का, म्हणजे बागायतदाराच्या नावाचा छाप, कॅमेऱ्यात झकास दिसत होता. शुभांगी मागे फोनवर बोलत होती. मी त्या पेटीतले आंबे काढले, शेजारच्या गाळ्यावरून पिकलेले मागून आणले, छान रचले आणि तिला पेटीपुढे उभं करून "विश्वास म्हणजे शुभांगी" असं वदवून घेतलं. नंतर ज्याचे आंबे त्याला परत. शेजारचा माल कुठला, हे विचारायचं मला सुचलंही नाही. तयार व्हिडिओ शुभांगीने गिऱ्हाइकांच्या गर्दीत उघडला, नीट न बघताच अंगठा पाठवला आणि बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला.

कोकणातल्या बागायतदाराचं डोकं ज्या एका गोष्टीने फिरतं ती हीच. त्याच्या नावाच्या पेटीत बाहेरचा आंबा! ती लबाडी मी सजवून, वर म्युझिक लावून, त्यांच्या मोबाइलवर पोचवली होती.

"उद्याची गाडी दुसऱ्या गाळ्यावर उतरेल," बाळकाका म्हणाले. "ग्रुपमधले बाकीचेही थांबलेत." फोन कट.

शुभांगी ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे काय करून ठेवलंत तुमी?"

"पोस्ट डिलीट करू. एक चांगलंसं स्टेटमेंट देऊ की..."

"स्टेटमेंट गेलं खड्ड्यात! तुमच्या तोंडानं सांगा काकांना. आत्ता."

तिने व्हिडिओ कॉल लावला. मी सगळं कबूल केलं, अगदी कान पकडून. काका ढिम्म. "पढवलेलं बोलताय, बाई. पैसे तिनेच दिलेत ना तुम्हाला?"

दिले होते. स्वतःचीच अशी चीड आली म्हणून सांगू. आणि तेवढ्यात आठवलं, शूट करताना मी कॅमेरा मध्येमध्ये बंद करत नाही. सगळं न कापलेलं चित्रण, आम्ही त्याला रॉ फूटेज म्हणतो, लॅपटॉपवर पडून होतं. शोधून काढलं आणि स्क्रीन मोबाइलपुढे धरली.

स्क्रीनवर मी, पेटीवर वाकलेली, एकटीच बडबडतेय: "शी, हे हिरवे आंबे काय मेल्यासारखे दिसतायत! शेजारून पिवळे आणते." आणि मागून शुभांगीचा खणखणीत आवाज, फोनवर: "काका, खोटं कशाला सांगू? या खेपेला दहा-बारा आंबे डागी निघालेत. चांगल्यात मिसळून मी विकणार नाही. पुढच्या पेट्या निवडून भरा. रागवायचं तर रागवा खुशाल."

बाळकाकांनी मोबाइल कानाजवळ नेला. मग म्हणाले, "हा तर सोमवारचा माझाच फोन."

"होय, काका."

"मी रागाने ठेवून दिला होता."

"दिला होतात."

"अण्णासुद्धा असंच तोंडावर बोलायचा," ते म्हणाले आणि एकदम खो खो हसत सुटले. "आणि ह्या बाई माझ्या हापूसला मेलेला म्हणतायत! हाच टाका ग्रुपवर. बाईंच्या बडबडीसकट."

हुश्श! मला रडूच आलं. शुभांगीने दोन चहा सांगितले आणि माझ्या हातात पेटीतला पेंढा दिला, डोळे पुसायला. दोघी वेड्यासारख्या हसलो.

पहिला व्हिडिओ ग्रुपवरून काढला, दुसरा टाकला. त्याला ना म्युझिक, ना लाइट. अर्ध्या फ्रेममध्ये माझी पाठ. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात सगळ्यात वाईट शूट झालेला व्हिडिओ तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शुभांगीच्याच गाळ्यावर उतरली. सोबतच्या चिठ्ठीवर काकांनी सवयीने "अण्णा" लिहिलं होतं. ते खोडून शेजारी लिहिलं होतं, "शुभांगी". तिने ती चिठ्ठी तिथल्या तिथे दादाला पाठवली. गाळा दुसऱ्याला द्यायचं नाव दादाने पुन्हा काढलं नाही.

आता शूटला गेले की समोरच्या वस्तूला हात लावण्याआधी ती कुणाची, हे विचारते. बहुतेक वेळा हातच लावत नाही.

त्या गाडीतून एक पेटी माझ्यासाठीही आली. वर खडूने लिहिलेलं: "हिरवेच आहेत. धीर धरा." आठ दिवस धरला. मग घरातले सगळे जमिनीवर पेपर अंथरून बसलो आणि पेटी संपवली. फोटो काढायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.