मंगळावरचा मान

नातवाच्या गॅदरिंगला पडद्यामागून तोंडाला फासायच्या सफेद्याचा आणि खोबरेल तेलाचा वास आला आणि मी साठच्या दशकातल्या अमरावतीत जाऊन पोचलो.

मी मास्तर होतो त्या शाळेतला चित्रकला शिक्षक कासम याने मंगळावरच्या लोकांचे नाटक बसवले होते. त्यांची भाषाही त्यानेच रचलेली. पोरांकडून ती घोटून घेण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला. त्या भाषेत नमस्काराला पुष्कळ शब्द होते, भाषणाला एकही नव्हता. टाळी वाजवणे हा तिथे अपमान; फार आवडले की ते लोक गप्प बसत.

नाटक संपले. पहिल्या रांगेत हार घालून बसलेले अध्यक्ष हलले नाहीत, म्हणून मागे कोणीच हलले नाही. मला नाटक मनापासून आवडले होते. टाळीसाठी हात उचललेही होते. हेडमास्तरांकडे पाहून ते मी कोटाच्या खिशात घातले.

नाटकात स्वतःही उतरलेला कासम तोंडाचा रंग न पुसताच माझ्याकडे आला. "कसं झालं गा? खरं सांगजो."

"एकानेही टाळी वाजवली नाही," मी म्हणालो. "मंगळावर याहून मोठा मान नाही."

माझ्या हजरजबाबीपणावर मी खूश होतो. तोही हसला.

मग म्हणाला, "पन आपन तं अमरावतीत आहो ना, मास्तर."