लाल फडकं आणि नापास बाई

अजूनही फेरीबोटीचा भोंगा ऐकला की मला ती पांढरी व्हॅन दिसते. जेट्टीच्या उतारावर तिरकी उभी, एक चाक हवेत, मागच्या काचेवर लाल रंगात 'एल'. नोकरीत मी चोऱ्या बघितल्या, खूनही बघितले. पण निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की मी हीच सांगतो. लोकांचा विरस होतो. होऊ दे.

नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांची आहेत त्यांना कळेलच, आणि त्यांनी राग धरला तरी मला आता बदलीची भीती नाही.

बदलीवरून आठवलं. मला शाळेपासून नकलांची खोड. हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्ल्या, शिपायाचा फौजदार झालो तरी खोड गेली नाही, मग साहेबांची नक्कल करून बदल्या खाल्ल्या. या केसमध्ये मात्र तीच खोड कामी आली.

झालं असं. आगरदांड्याहून दिघीला जायच्या फेरीबोटीत गाडी उलटी चढवावी लागते, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. बाहेरून आलेले पर्यटक इथेच घामाघूम होतात. भल्याभल्यांच्या बायका खाली उतरून "इकडे घ्या, तिकडे घ्या" करतात आणि घटस्फोटापर्यंत वेळ येते. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक व्हॅन उलटी येत होती. बोटीवरचा खलाशी उतारावर उभा राहून दिशा दाखवत होता. व्हॅन त्याच्यावर गेली आणि त्याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला.

व्हॅनमध्ये दोघंच होते. एक पस्तिशीची बाई आणि तिचा बावीस-तेवीस वर्षांचा दीर. दिराकडे पक्का परवाना, तोही फक्त आठ दिवसांपूर्वी मिळालेला. बाईकडे शिकाऊ परवाना. टेस्टमध्ये दोनदा नापास. मी पोचलो तेव्हा दोघंही खाली उभे होते आणि दीर म्हणाला, "साहेब, वहिनी चालवत होती. मी शेजारी बसून शिकवत होतो."

बाईला विचारलं. "व्हय. मीच."

"खलाशी दिसला नाही?"

"न्हाय."

"मग स्टेअरिंग एकदम का फिरवलं?"

"फिरलं."

पुस्तकात लिहितात, खोटं बोलणारा फार बोलतो. माझा अनुभव वेगळा आहे. स्वतःसाठी खोटं बोलणारा फार बोलतो. दुसऱ्यासाठी बोलणारा मोजकं बोलतो, कारण त्याला पाठ करून दिलेलंच तेवढं असतं.

तरीपण जबाब तो जबाब. स्टेशन डायरीला नोंद घेतली, पंचनामा केला, गुन्हा दाखल केला: निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत. जेट्टीवर कॅमेरा होता, पण खाऱ्या हवेने तो कधीच आंधळा झाला होता. बाई कबूल, साक्षीदार दीर, वर गाडीवर लाल 'एल'. आमचे वरिष्ठ फोनवर म्हणाले, "सरळ केस आहे. दोषारोपपत्र टाका आणि मोकळे व्हा."

मी मोकळा होणारच होतो. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एक बाईमाणूस बोललं. आवाज मी लगेच ओळखला, दुसऱ्यांचे आवाज काढणाऱ्याला तेवढं जमतंच. जेट्टीवर मासळी विकणारी मावशी होती.

"साहेबा, त्या बाईनं माझ्याकडून कोलंबी घेतली. बोट यायच्या आधी. आन् मी ती डाव्या खिडकीतनं दिली. टोपली तिच्या मांडीवर. मांडीवर कोलंबी घेऊन कोन गाडी चालवतंय?"

"मावशी, ठाण्यात येऊन जबाब द्या."

"कसली मावशी? मी न्हाय ती. माझं नाव कागदावर घालशील तर बघ! तिच्या सासूला रोज मासळी देते मी." फोन कट.

मी मुरुडला दवाखान्यात खलाशाला भेटायला गेलो. तो पायापेक्षा अपमानाने जास्त तळमळत होता. "साहेब, वीस वर्सं गाड्या चढवतोय. मी हातातलं लाल फडकं हलवलं, थांब म्हनून. फडकं हलवायच्या आधी गाडी सरळ येत होती. फडकं बघितलं आन् वळलीच माझ्यावर! मला मुद्दाम मारला. लिवून घ्या."

परत जेट्टीवर आलो. उतारावरच्या शेवाळात चाकाचे वळ अजून होते. खलाशी खरं बोलत होता. दहा-बारा फूट अगदी सरळ, आणि मग उजवीकडे पूर्ण वळण, जेवढं स्टेअरिंग फिरतं तेवढं. घाबरलेला माणूस ब्रेक मारतो, चुकून ॲक्सिलरेटर मारतो. स्टेअरिंग शिस्तीत शेवटपर्यंत फिरवत नाही.

याचं उत्तर मला गावाबाहेरच्या मैदानात मिळालं. तिथे एक ड्रायव्हिंग स्कूल चालायचं, दीर तिथेच शिकला होता. स्कूल म्हणजे एक गाडी, एक मास्तर आणि जमिनीत रोवलेले सात-आठ बांबू. बांबूंना चिंध्या बांधलेल्या, काही लाल, काही हिरव्या. आरटीओचा परवान्याचा कॅम्प याच मैदानात व्हायचा, याच बांबूंमधून गाडी उलटी घ्यायला लावायचे. मास्तर पोरांना ओरडत होता, "रस्त्याकडं बघू नको रे! चिंधीकडं बघ! उजव्या आरशात लाल आली की फुल्ल राइट! हिरवी आली की सोड!"

मी बाजूला उभा राहून ऐकत राहिलो. मास्तरचा आवाज नाकातून, 'फुल्ल'वर जोर, शेवटी खोकला.

"मास्तर, तुमची पोरं पास होतात का?"

"साहेब, शंभर टक्के! आजवर एक सोडून कोण नापास नाही. एक बाई होती. चार दिवस आली, मग म्हणाली, मास्तर, तुम्ही चिंध्या शिकवता, गाडी कधी शिकवणार? गेली भावाकडे, त्याच्या पिकअपवर शिकली. बघा, दोनदा नापास!"

ती कशी नापास झाली हेही त्यानेच हसत हसत सांगितलं. पहिल्यांदा उलटी गाडी घेताना मैदानात बकरी शिरली. बाईनं गाडी थांबवली, खाली उतरून बकरी हाकलली, मग पुन्हा बसली. मध्ये थांबली म्हणून नापास. दुसऱ्यांदा काठी टेकत एक म्हातारा आडवा आला. पुन्हा थांबली, पुन्हा नापास. "अहो, बांबूच्या मधे गाडी थांबवायची नसते, एवढं कळत नाही तिला!"

मी मास्तरला नमस्कार केला आणि निघालो. बोललो असतो तर गुन्हा माझ्यावरच दाखल झाला असता.

दिराला ठाण्यात बोलावलं. त्याच्याबरोबर त्याची आई, म्हणजे बाईची सासूही आली. दीर बढाई मारणाऱ्यातला मुळीच नव्हता, भिऊन घाम पुसत होता. एका कंपनीच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती, चारित्र्य पडताळणी आमच्याच टेबलावर पडून होती. मी म्हटलं, "घाबरू नको. फक्त वहिनी कशी चुकली ते दाखव." व्हॅन आवारात जप्तीत उभी होती. चावी मी स्टेअरिंग सुटण्यापुरतीच फिरवली, इंजिन बंद ठेवलं आणि त्याला नुसतं सीटवर बसवलं. हवालदाराला मागे उजवीकडे लाल फडकं देऊन उभा केला.

"समज तू मागे येतोयस. आरशात बघ."

तो बघायला लागला. मी खिडकीमागे गेलो आणि नाकातून ओरडलो, "बघ बघ बघ... लाल आली का? फुल्ल!" आणि खोकलो.

त्याचे दोन्ही हात उजवीकडे फिरले. स्टेअरिंग पार अडकेपर्यंत.

हवालदार मागे फडकं धरून तसाच उभा. पोरगा स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

मी माझ्या आवाजात म्हटलं, "थांब म्हणून हलवत होता रे तो."

पोरगा रडायला लागला. "साहेब, मला वाटलं... लाल दिसलं आन् हात आपोआप... मला ठोकायचा नव्हता त्याला."

ते खरंच होतं. खलाशाला मुद्दाम मारल्याचा संशय तिथेच संपला. पण त्याची आई मधे पडली. "साहेब, पोराची नोकरी जाईल. तिनं कबूल केलंय न्हाय का? तिचं काय जातंय? ती तशी पन नापासच हाय!"

हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते आजपर्यंत उतरलेलं नाही. बाईला शाळेच्या मुलांची ने-आण करायला व्हॅन चालवायची होती, ती व्हॅन तिनंच तिच्या माहेरच्या मदतीनं घेतली होती. अपघाताचा गुन्हा अंगावर असलेल्या बाईच्या गाडीत कोण आपलं मूल बसवेल? ती पुढे कितीदाही पास झाली तरी गाव तिला "खलाशावर गाडी घालणारी" म्हणणार होतं.

पोराची पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, बाईचाच खरा जबाब लागणार होता. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, "बाईची तक्रार आहे का? नाही ना? मग तुम्हाला का खाज?" मी म्हटलं, "सर, आरोपी चुकीचा आहे, एवढी खाज पुरे आहे." माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. दोन पानं लिहून दिला.

मग बाईच्या घरी गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या मांडीवर कोलंबी होती."

ती थांबली. "कोन बोललं?"

"कोण का बोलेना. तुम्ही बकरीसाठी थांबता, म्हाताऱ्यासाठी थांबता, आणि खलाशासाठी थांबला नाहीत, हे मी नाही लिहिणार. तुम्हाला लिहायचं असेल तर तुम्ही लिहा."

तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. मग म्हणाली, "घरात ऱ्हायचंय मला, साहेब."

"राहा. पण लोक तुमच्याकडे बघून मुलांना मागे ओढतील, ते चालेल?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच ठाण्यात आली आणि जबाब बदलून दिला. तासाभरानं मावशीही आली, टोपली डोक्यावर, तोंडाचा पट्टा चालू. सासूचं ते "नापासच हाय" जेट्टीवर पोचलं होतं. "लिव साहेबा, डावी खिडकी! माझं नाव ठळक लिव. नको घेऊ दे तिच्या सासूनं मासळी, खाऊ दे वांगी!"

खटला उभा राहायला वेळ लागला. बाईची तोवर तिसरी टेस्ट झाली नव्हती. उलटतपासणीत दिराच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही दोनदा नापास झालात ना? म्हणजे तुम्हाला गाडी येत नाही, हे सरकारनंच लिहून दिलंय?"

बाई म्हणाली, "व्हय, दोनदा लिवून दिलंय. पन माझ्या गाडीखाली अजून कोन आला न्हाय. पास झालेल्याच्या आठ दिवसांत आला."



दिराला दंड झाला, परवाना काही काळ निलंबित झाला, कंपनीची नोकरी गेली. त्याचं मला वाईट वाटलं. पोरगा वाईट नव्हता. त्याला कुणी गाडी शिकवलीच नव्हती, बांबू पार करायला शिकवलं होतं, आणि आपण सगळ्यांनी त्यालाच ड्रायव्हर म्हटलं. बाई पुढे पास झाली. आज तिच्या व्हॅनमध्ये मुलं बसतात. कशी पास झाली ते मी विचारलं नाही.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी नाकाबंदीला एक नियम केला. परवाना बघायचोच, पण ज्याचा नवा कोरा असेल त्याला म्हणायचो, "गाडी जरा मागे घ्या. आरशात नको, मान वळवून." कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. वर माझ्या तक्रारी गेल्या, एका पुढाऱ्याच्या भाच्यानं तर व्हिडिओ काढला. कितीतरी जणांना मान वळवायचीच सवय नव्हती. मी त्यांना तिथेच, रस्त्याकडेला, चार-चार वेळा मागे घ्यायला लावलं. मागे रांग लागायची, लोक हॉर्न वाजवायचे.

वाजवू द्या, मी म्हणायचो. थांबायला शिकतायत.