ईदगाहवरची शेवटची काच

त्या फोटोवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. १९३०च्या दशकात, नंदुरबारच्या ईदगाहवर तो तिपाईवर लाकडी कॅमेरा मांडून उभा होता. धुतलेला सदरा, कानात अत्तराचा फाया, औषधांनी काळी पडलेली बोटं. तो मुसलमानच, काम उरकून गावातल्या मशिदीतली उशिराची नमाज गाठणार होता.

त्याला आणलं होतं गावच्या एका बड्या सेठने. सेठ जरीचा फेटा बांधून ईदेच्या शुभेच्छा द्यायला आले होते, म्हणजे धुळ्याच्या कलेक्टरकडे जायच्या फोटोत यायला. त्यांच्या ऐटबाज फोटोंपायी फोटो उमटायच्या काचा संपून एकच उरली होती.

“पुढून काढ, मन्हं तोंड दिसाले जोयजे!”

“नमाजीसना म्होरे उभं ऱ्हावानं नही, सेठ,” म्हणत त्याने कॅमेरा शेवटच्या रांगेमागे नेला.

“ही काच बिघडनी ते दुकान बंद कर!”

मी सेठशेजारी उभा होतो. समारंभांनी मला सहसा झोप येते. पण ‘अल्लाहु अकबर’ची तकबीर झाली, हजारो माणसं जमिनीला कपाळ टेकवून एकदम सजद्यात गेली आणि पार समोरच्या भिंतीपर्यंत नुसत्या पाठी उरल्या. सजद्यात कोणी हलत नाही, म्हणून फोटोवाला याच क्षणासाठी थांबला होता. त्याने भिंगाचं टोपण काढलं. दोन आकडे मोजून ते परत लावायचं होतं. मी वळून पाहिलं, तर टोपण मुठीत धरून तोही जमिनीवर डोकं टेकून होता. भिंग उघडंच!

जास्त उजेड पडून काच गेली. सेठ कडाडले. त्याने सावकाश टोपण लावलं.

“समदा नमनात, सेठ. मी एकलाच कसा उभा ऱ्हाऊ?”

त्या सजद्यात अख्ख्या मैदानात उभे राहिलेले आम्ही दोघेच होतो, सेठ आणि मी.